गाय बसला

"अवं, हात नको लावू त्याले! गाय हाये तो, अजून ओला हाये."

"मंग गायाची पिशवी चुलीपाशी कायले मांडली? आधीचे वायूचे पुडके काय कमी व्हते? लोकायचे नवरे बजारातून भाजी आनता, माह्या नवरा नदी उचलून आनतो!"

"उद्या पोरायले चायाले लागतो तो. सकायलोक वायला पाह्यजे. चायनीत ओला गाय चालत नही."

सुनंदाबाई हसत ताट वाढायला वळल्या. तोताराम सर मात्र पिशवीवर वाकले होते तसेच राहिले. स्वतःच्या तोंडून गेलेला शब्द त्यांना आता ऐकू आला होता.

तोताराम सर जळगावच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. साल अठ्ठ्याऐंशी. मूळचे वरणगावकडचे, केळी-कापूस करणाऱ्या घरातले. तिकडच्या बोलीत 'ळ' म्हणायची रीतच नाही, त्याच्या जागी बिनदिक्कत 'य' येतो. केळीची केयी, शाळेची शाया, गाळाचा गाय. घरात, मळ्यात, बाजारात कुणाचं काही अडत नाही. पण हा माणूस नेमका त्या विद्येत जाऊन पडला जिथं पावलोपावली ळ. वाळू, गाळ, चाळणी, काळा थर. पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वाळूला 'वायू' म्हणाले, आणि पुढं वर्षभर हे दिसले की सोबती नाक धरायचे. मग सायकलवर एकटे असले की घोकायचे, गाळ, गाळ, गाळ. जिभेला वळण लागलं एकदाचं. तेव्हापासून कॉलेजात एक जीभ आणि घरात दुसरी.

त्या दिवशी पोरांना घेऊन ते तापीच्या काठी गेले होते. विभागप्रमुखही बरोबर आले होते. ते पुण्याकडचे. नदीनं कापलेली उंच दरड समोर, तिच्यात एकावर एक थर. कुठला थर कसल्या पाण्यानं आणून टाकला ते एकेकानं सांगायचं होतं. बाकीची पोरं पुस्तकातलं पाठ म्हणून दाखवत होती. निंबा नावाचा रावेरकडचा पोरगा तेवढा दरडीला भिडला, आणि हात लावत लावत खालून वर बोलत गेला.

"सर, हे खाली गोटे हायेत, म्हंजे पानी जोरात व्हतं. मंग ते सुस्त झालं, अंगातला जोर गेला त्याच्या, न् वर गाय बसला."

उत्तर बरोबर होतं. दिवसभरात इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. पण विभागप्रमुखांच्या भुवया वर गेल्या आणि तोताराम सरांना पुण्यातलं ते वर्ष आठवलं. आता हे माझ्याकडं बघतील. दोघं एकाच गोठ्यातले म्हणतील. ते म्हणायच्या आत आपणच बोललेलं बरं.

"गाय बसला? मग बैल असेल तो! शेपूट उचलून नीट पाहून सांग."

पोरं हसून हसून वाळूत बसली. धुळ्याकडचा चिंधा ओरडला, "निंबाना बैल बठना रे!" विभागप्रमुखांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. निंबाही हसला, न हसून करतो काय? मग त्यानं हातोडी खाली ठेवली, आणि नंतर त्या दरडीला बोट लावलं नाही.

"जेवा नं, थंडं होऊन राह्यलं," सुनंदाबाई म्हणाल्या. "कोनी बोललं का तुमाले?"

"नही. कोन बोलीन?"

बायकोला सांगायची सोय नव्हती. ती सरळ म्हणाली असती, गायाले गाय नही म्हननार त काय म्हननार? त्यांनी ताट पुढं ओढलं. पुण्यात नाक धरणारे निदान परके होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चाळण्या लागल्या. मोठ्या भोकांची वर, बारीक भोकांच्या खाली. वाळलेला नमुना वरून ओतायचा, हलवायचा, कुठल्या चाळणीत किती अडकलं ते जोखायचं, आणि त्यावरून पाण्याचा जोर सांगायचा. सर निंबाच्या टेबलापाशी आले.

"काय निघालं?"

"कोर्स सॅन्ड, सर. दुसऱ्या सीव्हमध्ये फाइन सॅन्ड. खाली सिल्ट."

"रंग?"

"ब्लॅक."

सरांच्या लगेच ध्यानात आलं. वाळू नाही, गाळ नाही, चाळणी नाही, काळा नाही. टाचेत काटा असलेला माणूस चालतो तसा पोरगा ळ चुकवत चालला होता. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. ते टेबलावर वाकले आणि हलक्या आवाजात, घरच्या जिभेनं म्हणाले,

"निंबा, काल तू सांगतलं ते बरोबर व्हतं. पानी सुस्त झाल्याबिगर गाय बसत नही. मी बी तिकडचाच हाये रे. कोन्तं गाव तुह्यं?"

आवाज पुरेसा हलका नव्हता. शेजारचा चिंधा फिसकन हसला, "सर बी नक्कल करी ऱ्हायनात रे!"

निंबानं मान खाली घातली. मग जीभ टाळूला लावून, तोलून मापून म्हणाला, "गाळ, सर. गाळ. आता नीट म्हणेन मी. चिडवू नका."

आता फक्त मोठ्यानं म्हणायचं होतं, चिंध्या, नक्कल नही ही, माही बोली हाये. सगळा वर्ग माना वर करून बघत होता. सरांनी तोंड उघडलं.

"ठीक आहे," ते म्हणाले, स्वच्छ, पुण्यात शिकलेल्या जिभेनं. "वजनं करून घ्या सगळ्यांनी."

निंबा तराजूकडं वळला. पलीकडच्या टेबलावरून मोतीलालनं हाक मारली, त्याची चाळणी तुंबली होती. सरांनी जाऊन ती घेतली, कागदावर उलटी धरली आणि ब्रशनं भोकांत अडकलेले कण झाडू लागले.