गॅदरिंगमधला लमाणी नाच

माझं आडनाव मोठं सोयीचं आहे. ते पाटलाच्या घरात असतं तसंच तांड्यावरही असतं. धाराशिवला शाळेत लागले तेव्हा घरमालकीणबाईंनी ते ऐकलं आणि "म्हणजे आपल्यातल्याच की," म्हणत खोली दिली. मी लमाणी आहे, तुळजापूरकडच्या एका तांड्यावर वाढले, हे तेव्हा सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, गिळलं. पुढं स्टाफरूममध्येही तेच झालं. आता सहा वर्षांनी ते बाहेर कसं काढायचं, हे मला खरंच कळत नाही.

यंदा गॅदरिंगला आठवीच्या मुलींचा लमाणी नाच ठरला. वर्गात लमाणी मुलगी एकच, रोज एसटीनं तांड्यावरून येणारी. गॅदरिंगचं बघणाऱ्या मॅडमनी तिला विचारलं, "तुमच्याकडं असतेत ना गं ते आरशांचे कपडे?" पोरगी हरखली. तीन दिवसांत ती भलंमोठं गाठोडं घेऊन बसमधून उतरली. आजीचा घागरा, ओढणी, आरसे लावलेली कांचळी म्हणजे आमची चोळी, शिवाय शेजारपाजारच्या बायकांकडून मागून आणलेले जोड. तिला नाचायचं होतं, बाकी काही नको होतं. सगळ्या स्टेप्स तिलाच आधी पाठ झाल्या होत्या.

सरावाला मी मदतीला असायचे. जोड्या लावल्या त्याच दिवशी तिच्या जोडीतली मुलगी तिचा हात धरेना. "मॅडम, हिच्या अंगाला वास येतोय."

मागून दुसरी म्हणाली, "दारूचा असंल. यांच्यात घरोघरी गाळतेत."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. त्या काही दुष्ट पोरी नाहीत. ताप आला तर माझ्याच कुशीत डोकं ठेवतात. घरी जे ऐकलं ते बोलत होत्या, आणि मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. मी काय केलं? "गप बसा गं," म्हणाले. पोरी गप्प बसल्या. आणखी बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, मॅडम, तुम्हाला का एवढं लागलं? त्याचं उत्तर माझ्याकडं एकच होतं. पोरगी खाली मान घालून एकटीच ठेका धरून उभी होती.

गॅदरिंगच्या मॅडमनी त्यावर तोडगा काढला. "तू कपड्यांचं बघ बाळा. तुला त्यातलं कळतं." पोरगी नाचातून गेली, कपडे तेवढे राहिले. मी तिथंच होते. मान हलवली असेन बहुतेक.

कार्यक्रमाच्या दिवशी आठजणींना ती एकटीच तयार करत होती. स्टेजवरून नाव पुकारलं आणि तेवढ्यात एकीच्या पाठीवरची कांचळीची नाडी सुटली. माझे हात आपोआप पुढं झाले. न बघता गाठ मारली, ओढणी डोक्यावरून घेऊन खोचली, झालं.

"अगंबाई, तुम्हाला कसं हो जमलं?" मॅडमनी विचारलं.

"यूट्यूबवर बघितलं," मी म्हणाले.

पोरगी दातांत पिना धरून समोरच उभी होती. तिनं आधी माझ्या हातांकडं बघितलं, मग तोंडाकडं. त्या नाचाला वन्स मोअर मिळाला, हेही सांगायला हवं.

सगळं आटोपल्यावर गेटवर तिची आजी भेटली. कपडे न्यायला आणि नातीचा नाच बघायला आली होती, पण बस उशिरा सुटल्यामुळं नाच हुकला होता. म्हातारी मला बघून लगबगीनं पुढं आली आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्या सगळ्यांशीच बोलतात तशी सरळ आमच्या बोलीत विचारू लागली, "कशी नाचली गं माझी नात?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, देव जाणे. पण पोरगीच मध्ये आली.

"मॅडमला आपली बोली येत नाही," ती त्याच बोलीत आजीला म्हणाली. मग माझ्याकडं बघत, एकेक शब्द सावकाश उच्चारत पुढं म्हणाली, "लई छान नाचले मी. पहिल्या रांगेत होते."

आजीनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी काहीच न कळल्यासारखी हसत उभी राहिले.