तीनच महिने राहिले

विनोद वाचून झाला की जाधव सर हसणाऱ्यांकडे बघत नसत. ते माझ्या ओठांकडे बघत.

परळच्या एका ऑफिसात आम्ही सहाजण लांबट टेबलाभोवती बसून एका विनोदी मालिकेचे एपिसोड लिहायचो; सर आमचे मुख्य लेखक. बाकीचे एकमेकांच्या विनोदांना सवयीने हसायचे. मला चारचौघांत हसायला संकोच वाटतो. खरंच हसू आलं तर मी ओठ दाबून खाली बघते. सरांनी हे पहिल्याच आठवड्यात हेरलं. "कॉन्व्हेंटने ओठ दाबले, हा विनोद ठेवा," ते म्हणायचे. नाहीतर नुसतं, "चला, पुढे."

माझं नाव घेऊन त्यांनी मला क्वचितच हाक मारली असेल. मी कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली, म्हणून तेच नाव पडलं. माझं काम खरं म्हणजे फाईल सांभाळण्याचं होतं: कुठलं पात्र कुठल्या सीझनमध्ये काय बोललं, कुणाच्या बायकोचं नाव काय, कुणाला किती मुलं. एकदा मी घाबरत म्हटलं, "सर, हा विनोद दुसऱ्या सीझनमध्ये येऊन गेलाय."

"चौथ्यातपण आलाय," सर म्हणाले. "फाईल नीट बघत जा."

मालिका एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामातल्या ऑफिसची होती. शिवडीला अशाच एका ऑफिसात सरांनी सव्वीस वर्षं कारकुनी केली होती. पहिला सीझन लागला तेव्हा मी आठवीत होते. शिवाजी पार्कजवळच्या आमच्या घरी जेवताना आम्ही ती बघायचो आणि बाबांना हसताना हमखास ठसका लागायचा. मी तिथे नोकरीला लागले तेव्हा आठवा सीझन चालू होता. बाबा अजूनही मालिका लावत, पण बघत मोबाइलमध्ये.

मालिकेतलं सगळ्यात लाडकं पात्र म्हणजे शिपाई दत्तूभाऊ. कुणीही काम सांगितलं की ते म्हणणार, "आता कशाला? तीनच महिने राहिले रिटायर व्हायला." पहिल्या सीझनपासून तीनच महिने. हे वाक्य चॅनेलने चहाच्या मगांवर छापलं होतं. आमच्या टेबलावरही तेच मग होते. सर मात्र चहा कागदी कपातून प्यायचे.

एकदा जिन्यात ते एकटे चहा घेत उभे होते. मी धीर करून विचारलं, "सर, आता पूर्वीसारखं हसू का येत नाही?"

त्यांना राग आला नाही. ते कठड्याला टेकले. "पहिल्या वर्षी ही माणसं नवीन होती, म्हणून लोक हसले. आता ती घरातली झाली. घरातलं माणूस कण्हत जिना चढायला लागलं तर हसशील तू? दत्तू टीव्हीवर फाईली घेऊन चालला ना, तर आमची ही म्हणते, सोडा की त्या म्हाताऱ्याला घरी."

"मग सोडू या ना त्यांना."

"सोडणार कोण? मगवर छापलाय तो."

मग त्यांनी मला खऱ्या दत्तूभाऊंची गोष्ट सांगितली. शिवडीच्या ऑफिसात शिवराम नावाचे शिपाई होते. कामाचा कंटाळा आला की तेही "तीनच महिने राहिले" म्हणायचे. वर्षानुवर्षं म्हणत आले आणि सगळे हसत आले. एका संध्याकाळी ते टेबलाटेबलाशी जाऊन म्हणाले, "चला, आज शेवटचा दिवस." सगळे नेहमीसारखे हसले. सर म्हणाले होते, "शिवरामभाऊ, तीन महिने एवढ्यात संपले?"  शिवराम गोदामाच्या किल्ल्या खिळ्याला अडकवून निघून गेले. हार नाही, नारळ नाही, भाषण नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी दिसली, तेव्हा कुणीतरी रजिस्टर उघडून त्यांची निवृत्तीची तारीख बघितली.

"मग भेटलात त्यांना?"

"गावी गेला म्हणाले. पत्ता कुणाकडे होता?" सरांनी कप चुरगळला. "एकदा मला दत्तूला नीट निरोप देऊ द्या. मग मालिका बंद करा नाहीतर शंभर वर्षं चालवा."

तो निरोपाचा प्रसंग त्यांनी चार पानांत लिहून ठेवला होता. प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला ते ती पानं चॅनेलच्या मॅडमना देत आणि मॅडम गोड बोलून परत करत. नवव्या सीझनच्या मध्यात सरांना दम लागायला लागला आणि त्यांचं येणं बंद झालं. शेवटच्या दिवशी त्यांनी ती पानं माझ्या फाईलमध्ये ठेवली. 

दहाव्या सीझनच्या मीटिंगमध्ये मी ती पानं पुढे सरकवली. मॅडमनी ती तिथेच वाचली. "ओके, करा रिटायर," त्या म्हणाल्या. "इमोशनल एपिसोड होईल. पण पंधरा दिवसांत परत आणायचं. कॉन्ट्रॅक्टवर."

हे सांगायला मी नायगावला सरांच्या घरी गेले. पुनर्विकासासाठी बीडीडी चाळ रिकामी होत होती. सरांच्या मजल्यावर तीनच बिऱ्हाडं उरली होती. काकूंनी दार उघडलं. सर खाटेवर उशांना टेकून बसले होते. मॅडमची अट ऐकून त्यांनी अंगावरची चादर वर ओढली. मला वाटलं, दुखावले. मग मी बसमध्ये लिहिलेलं एक वाक्य वाचून दाखवलं. दत्तूभाऊ परत येतात, कुणीतरी काम सांगतं, आणि ते म्हणतात, "आता कशाला? करार तीनच महिन्यांचा आहे."

सरांनी ओठ दाबले. खाली बघितलं. खांदे हलायला लागले आणि मग खोकल्याची उबळच आली. काकू पाणी घेऊन धावल्या. "अगं बाई, हसवतेस कशाला त्यांना?"

श्वास जागेवर आल्यावर सर म्हणाले, "हे ठेव. पण आधी हार नीट घाला. आणि त्या वेळी कुणी हसता कामा नये, काय?"

शूटिंगच्या आठ दिवस आधी सर गेले.

निरोपाचा प्रसंग सरांनी लिहिला होता तसाच झाला. दत्तूभाऊ म्हणतात, "चला, आज शेवटचा दिवस." सगळे उठून उभे राहतात. हार घालतात. ते किल्ल्या खिळ्याला अडकवतात. एवढंच. मी एडिटिंगच्या खोलीत मागच्या खुर्चीवर बसून बघत होते. दत्तूभाऊ "शेवटचा दिवस" म्हणाले आणि स्पीकरमधून रेकॉर्ड केलेला हशा आला, मोठा, दहा वर्षं येत होता तोच. दत्तूभाऊंनी तोंड उघडलं की हशा टाकायचा, ही एडिटरची सवय. त्याची काही चूक नव्हती.

"तो काढा," मी म्हटलं.

त्याने वळून बघितलं. इतक्या दिवसांत त्याने माझा आवाज बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असावा. "मॅडम, रिकामं वाटेल. मग काय टाकू तिथे?"

"काही नको. किल्ल्यांचा आवाज येऊ दे."

त्याने हशा काढला आणि प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला. सगळे उठून उभे राहिले, खुर्च्या सरकल्या, हार घातला गेला, खिळ्यावर किल्ल्या वाजल्या. माझे ओठ दाबले गेले होते. ते बघायला आता सर नव्हते.