शहरबानूचं पाणी

शारजात, रोल्ला म्हणतात त्या मोठ्या वडाच्या झाडाजवळ, एकाच अंगणात दोन कोकणी जावा राहत. थोरली शहरबानू, धाकटी खतीजा. शहरबानूचा यूनुस जरा पळाला की त्याचे ओठ जांभळे व्हायचे नि तो उकिडवा बसायचा. "ऊठ, आळशी मेल्या," म्हणत ती त्याला ओढून उभा करी. एका दुपारी तो उठलाच नाही.

पुढे खतीजाची हमीदाही तशीच बसू लागली. तोवर दुबईत एक हुशार डॉक्टर आला होता. तो म्हणाला, काळजाला जन्मापासून भोक आहे, मुंबईत शिवून मिळेल. अशा पोरांना उकिडवं बसल्यानंच श्वास मिळतो, हेही त्यानं सांगितलं. बाप युसुफ लेकीला घेऊन बोटीनं गेला.

सदुसष्टच्या हिवाळ्यात हमीदा परतली ती छातीवर लांब व्रण आणि लालचुटूक ओठ घेऊन. बघायला अख्खी आळी लोटली. दृष्ट लागू नये म्हणून जो तो आधी "माशाल्ला" म्हणे. शहरबानूच्या तोंडून ते निघेना. माझ्या पोराच्या नशिबी माती, नि हिच्या पोरीला सुईदोरा! हेव्यानं ती नुसती जळत होती.

दुसऱ्या दिवशी पोर तापानं फणफणली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. शेजारच्या अरब म्हातारीनं आपला इलाज सांगितला. ज्याची नजर लागली त्यानं हातपाय धुवावेत, ते पाणी पोरीवर ओतावं. नजर कुणाची ते कोण सांगणार? खतीजा घरोघर पाणी मागत फिरली. समोर शहरबानूच्या दारी मात्र आली नाही.

ते शहरबानूला फारच झोंबलं. मागितलं असतं तर सगळ्यांसारखं देऊन सुटली असती. आता आपण होऊन न्यायचं म्हणजे चारचौघींत कबुली. न न्यावं, तर पोरीचं काही झालं म्हणजे? तिनं हातपाय धुतले, पाणी तांब्यात धरलं नि खतीजाच्या घरी जमलेल्या बायकांतून वाट काढत पुढे झाली.

"धर. नजर माझीच. काल ही धावली, तेव्हा आता बसेल, मग बसेल, म्हणून मी वाट बघत होते."

खतीजा म्हणाली, "ठाऊक होतं, भाबी. कुठल्या तोंडानं मागणार होते तुझ्याकडे? आता तूच ओत."

ताप उतरला. पाण्यानं की गोळ्यांनी, अल्ला जाणे. चार दिवसांनी हमीदा झाडाला वळसा घालून धावत आली नि धापा टाकत शहरबानूपुढे ताठ उभी राहिली.

"माशाल्ला," शहरबानू म्हणाली. हेवा कुठं गेला होता! तो होताच. तिनं पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"दमलीस तर बस हो. कुणी उठवणार नाही."