चावंडवरची अठरावी टोपी

हिराबाईंनी अठरावं ताट उचललं, क्षणभर हातात धरलं आणि परत फळीवर ठेवून दिलं.

"हिराबाई, वरून उतरलेले अठरा आहेत," मी अंगणातून म्हणालो.

"सतरा," तव्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या.

मी जुन्नरचे किल्ले दाखवतो. सकाळी एक किल्ला, पायथ्याच्या गावात जेवण, दुपारी दुसरा, आणि संध्याकाळी पाहुणे आपापल्या घरी. चावंडला गेलो की जेवण चावंडवाडीत हिराबाईंकडे. भाकरीच्या बाबतीत त्यांची एक शिस्त आहे. त्या आधीपासून भाकरी थापून ठेवत नाहीत. त्यांच्या अंगणातून कड्यात खोदलेल्या पायऱ्या दिसतात. मंडळी उतरायला लागली की त्या दारात उभ्या राहून डोकी मोजतात आणि तेवढ्यांचंच पीठ मळायला घेतात. त्यामुळे पानावर भाकरी येते ती वाफाळती.

माझीही एक शिस्त होती आणि मला तिचा फार अभिमान होता. चढण्याआधी मी प्रत्येकाला भगवी टोपी देतो. झाडीत, गवतात, पडक्या भिंतीआड, कुठूनही दिसते. मग माणसं मोजायचीच नाहीत, टोप्या मोजायच्या. शिवाय एक 'स्वीप' नेमायचा. स्वीप म्हणजे सगळ्यांच्या शेवटी चालणारा माणूस. तो खाली आला म्हणजे वर कुणी उरलं नाही.

त्या दिवशी मंचरचा मॉर्निंग वॉकचा ग्रुप होता. सगळे कांदा-बटाट्याचे व्यापारी, चढणारे अठरा. गुंजाळ काकींचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या खालीच हिराबाईंपाशी थांबल्या. त्यांचे यजमान नाना, वय एकाहत्तर, चालायला खणखणीत. त्यांनाच मी स्वीप केलं. म्हणालो, "नाना, तुमच्यामागं कुणी राहता कामा नये." नानांनी छाती काढून होकार दिला.

वर सगळं झकास झालं. देवीचं देऊळ झालं, पाण्याची टाकी झाली, पडक्या वाड्याच्या जोत्यावर फोटो झाले. उतरताना मी पुढं. पायऱ्यांपाशी एक जुनी तोफ रोवलेली आहे. तिथं मी माझा खास प्रयोग करतो. बत्ती देतो, कानावर हात ठेवतो, धुरानं खोकतो आणि शेवटी स्वतःच गोळा होऊन पडतो. त्या दिवशी तर दोघांनी मला उठवायला हात दिला. टाळ्या घेता घेता मी खालून वर नजर टाकली. सतरा टोप्या जवळ, आणि अठरावी वरच्या पायऱ्यांवर सावकाश येत होती. नाना. स्वीपनं असंच मागं राहायचं असतं. मी खूश होऊन खाली उतरलो.

आणि आता हिराबाई म्हणत होत्या, सतरा.

"शेवटाला आमचा म्हातारा व्हता," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं ती चाल बघतेय. डोक्यावं काय बी घालू द्या."

तेवढ्यात गोठ्यातून दगडूबाबा, म्हणजे हिराबाईंचे मालक, बाहेर आले. डोक्यावर माझी भगवी टोपी. सकाळी ते देवीला दिवा लावायला वर गेले होते.

"बाबा, ही टोपी?"

"पावण्यानं दिली. देवळामागं जरा पडतो म्हनला, माजी घोंगडी घेतली. बाजारात भाव ठरवत्यात तसा रुमालाखाली बोटं धरून सवदा केला."

मंचरकर खो खो हसले. नानांनी किल्ल्यावरही बाजार सोडला नाही म्हणाले. काकी मात्र हातातलं पीठ तसंच ठेवून उभ्या राहिल्या.

"भाऊ, त्यांनी सकाळी शुगरची गोळी घेतलीय," त्या मला म्हणाल्या. "बाराला खायला लागतं. डबा माज्यापाशीच हाय."

सव्वा वाजला होता. नानांचा फोन लागेना.

मी बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस आहे. त्या पायऱ्या मी आयुष्यात इतक्या वेगानं कधी चढलो नाही, आणि तरी सत्तरीचे दगडूबाबा माझ्यापुढं होते. मी डबा छातीशी धरला होता. मघाशी तोफेपाशी जिथं मी गोळा होऊन पडलो, तिथं आता खरंच पडायच्या बेतात होतो.

नाना देवळामागच्या सावलीत घोंगडी अंथरून आडवे होते. हाक मारली, उत्तर नाही. जवळ गेलो. हात गार, कपाळावर घाम, डोळे अर्धे उघडे. काहीतरी पुटपुटत होते, शब्द लागत नव्हते. दगडूबाबांनी कनवटीचा गुळाचा खडा काढला. नानांना उठवून बसवलं. गिळता येतंय हे बघून गूळ थोडा थोडा दिला, पाणी दिलं आणि आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो.

दहाएक मिनिटांनी नानांनी मला ओळखलं. डबा उघडून पोळी खाल्ली. मग मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "नाना, तुम्ही स्वीप ना?"

"व्हय की," नाना म्हणाले. "माज्यामागं कुणी ऱ्हायलं का? न्हाई ना?"

मी डब्याला झाकण लावलं.

आम्ही त्यांना दोघांच्या मध्ये घालून खाली आणलं. हिराबाईंनी अठरावं ताट काढलं, काकींनी वाढलं आणि नाना जेवून उठेपर्यंत त्या पाटाशेजारून हलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "फुडच्या टायमाला मी बी वर येणार. गुडघं ग्येलं खड्ड्यात." घोंगडी नानांनी परत करायला काढली, तर दगडूबाबा घेईनात. सौदा म्हणजे सौदा. टोपी त्यांना आवडली होती.

दुपारचा दुसरा किल्ला, हडसर, मी रद्द केला. कुणी कुरकुर केली नाही.

तेव्हापासून मी टोप्या मोजत नाही, नाव घेऊन तोंड बघतो. शुगरचा डबा ज्याचा त्याच्या पाठीवर. आणि शेवटी मी स्वतः चालतो, त्यामुळे तोफेशी पोचेपर्यंत मंडळी निम्म्या पायऱ्या उतरून गेलेली असतात. माझा प्रयोग मी आता हिराबाईंच्या अंगणात करतो, जेवणं झाल्यावर. ताक पिऊन निम्मे प्रेक्षक पेंगत असतात. पण सगळे असतात.