रद्दीत न गेलेलं पुस्तक

मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर. सोलापूरच्या गिरणीत वडील कामाला होते आणि आमच्या खोलीच्या भिंतीला पोपडे धरले की आई त्यावर खळीनं पत्रकं चिकटवायची. संपाची, सभेची, बोनसची. चुलीपाशी बसून मी ती मोठ्यानं वाचायचो आणि उद्गारचिन्ह आलं की हात वर करायचो. पुस्तक नावाची वस्तू आमच्या घरात नव्हती. ती नव्हती याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. पुस्तकं ही पोट भरलेल्यांची करमणूक असते, हेही मी एका पत्रकातच वाचलं होतं.

ते पत्रक ज्यांनी लिहिलं होतं, ते मला पुढे दापोडीत भेटले. मी वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो होतो. ते चिंचवडला राहायचे, शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी सायकलवरून आमच्या युनियनच्या कामाला यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पहिल्याच भेटीत मी त्यांना त्यांचंच पत्रक पाठ म्हणून दाखवलं. ते हसले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तू लिहायचं." त्या दिवसापासून आमची पत्रकं मी लिहू लागलो. मास्तर ती तपासायचे, एखादं वाक्य खोडायचे. त्यांनी खोडलेलं वाक्य खरंच वाईट होतं, असं मला दर वेळी पटायचं.

रेल्वे फाटकाजवळ आमचं वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन बाकं, एक रिकामं कपाट, एक वर्तमानपत्र आणि पत्रकांचे गठ्ठे. तिथे एके दिवशी पुण्याहून रिकामी परतणाऱ्या लॉरीतून चार ट्रंका आल्या. पेठेतले कोणी वकील वारले होते. मुलांना घर रिकामं करायचं होतं. वकिलांची जुनी पुस्तकं त्यांनी कामगारांना दान केली. ट्रंकेचं झाकण उघडलं तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या खोलीभर झाला आणि आतून झुरळं पळाली.

"सगळी ठेवायला जागा नाही," मास्तर म्हणाले. "आणि सगळी ठेवायच्या लायकीचीही नसणार. पण ती लायकी ठरवणार कोण? पुण्यातले पंडित? नाही. ज्यांनी वाचायची ते ठरवतील."

या वाक्यानं मी भारावून गेलो होतो. ते आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

नियम मास्तरांनीच घालून दिला. पहिली पाळी सुटली की शनिवारी माणसं वाचनालयापुढे बसत. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचायचं. हलक्या पुस्तकाला एक बैठक पुरे. जरा वजनदार असलं तर तीन बैठका. मग हात वर. जास्त हात आले तर पुस्तक कपाटात, नाही तर मास्तरांच्या सायकलवरून पिंपरी कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडे.

पुस्तकं पारखायची अशी रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. सुवासिनींना उपदेश करणारं एक जाड पुस्तक होतं. मोटारींचं काम करणारा एक मुसलमान मिस्त्री रोज यायचा. त्यानं दोन पानं ऐकली आणि म्हणाला, "राव, ह्यात बाई कुठाय? मघापासून नुसता नवराच बोलतोय." ते पुस्तक हशातच बाद झालं. गुरांच्या आजारांवरचं एक फाटकं पुस्तक मात्र सगळ्या हातांनी राहिलं. इथे कुणाच्या दारात गाय नव्हती, पण प्रत्येकाच्या गावी होती. एका नाटकातला राजा फार सुंदर शिव्या द्यायचा. ते नाटकही राहिलं.

या माणसांत एक आबा होते. मावळातले, हातोडा मारून मारून खांदा एका बाजूला झुकलेले. त्यांची नोकरी त्या वर्षाअखेर संपणार होती आणि ते कायमचे गावी जाणार होते. त्यांची कसोटी वेगळीच होती. ते विडी पेटवून ऐकायला बसत. ऐकता ऐकता विडी हातातच विझली तर पुस्तक चांगलं. ओढून संपली तर रद्दी. "मला बाकीचं काय कळत न्हाई," ते म्हणत, "विडीला कळतंय."

तिसऱ्या ट्रंकेत मुखपृष्ठ नसलेलं एक प्रवासवर्णन निघालं. लेखक कोणी जुना मोजणी कारकून. साखळी घेऊन जमीन मोजणाऱ्या पथकाबरोबर तो ब्रह्मदेशात गेला होता. भाषा जुनी, वाक्यं लांब. पान उलटलं की साहेबाची स्तुती. मी मनात म्हटलं, हे एका बैठकीत जाणार. पण तंबू, चिखल, जळवा, हत्तीवरून पडलेली साहेबाची खाट असं करत करत तो लेखक एका नदीपर्यंत आला. नदीवर वेताचा पूल होता. साहेबाची खाट पूल ओलांडून आली, पेट्या आल्या, कुत्रं आलं. सगळ्यात शेवटी आचारी यायचा होता. तो भांडी बांधत होता आणि पूल तुटला. आचारी पलीकडच्या काठावर राहिला. रात्र पडली. लेखक लिहितो की अंधारात त्याच्या पळीचा आवाज येत होता, तो पातेल्यावर पळी वाजवून आपण आहोत असं सांगत होता. दुसरी बैठक तिथे संपली.

कुणी उठेना. आबांची विडी केव्हाच विझली होती.

"दोर टाकतील की," कुणीतरी म्हणालं.

"साहेबाच्या खाटंला दोर व्हता, त्याला कसा आसंल?" आबा म्हणाले.

"अरे, भूक लागली की साहेबच उडी मारतो बघ," मिस्त्री म्हणाला. "त्याला कोण रांधून घालणार?"

मी घरी जाताना थरारलो होतो. एवढी वर्षं मी पत्रकांत जे ओरडून सांगत होतो, ते या साहेबभक्त कारकुनानं नकळत लिहून ठेवलं होतं, आणि माणसांनी ते न सांगता ओळखलं होतं. पुढचं पान मी मुद्दाम वाचलं नाही. त्यांच्याबरोबरच ऐकायचं ठरवलं.

पण शनिवार येण्याआधी मास्तरांनी वाचनालयाच्या समितीची बैठक बोलावली. समितीत आम्ही पाच जण होतो. मास्तर म्हणाले, "तिसरी बैठक नको. हे पुस्तक गुलामाचं आहे. आपली माणसं गोष्टीच्या नादानं हात वर करतील. कामगाराला करमणूक नको, हत्यार हवं." मी भांडलो. पूल तुटल्यावर माणसं काय बोलली ते सांगितलं. मास्तर शांतपणे ऐकत होते. मग मत घेतलं. मी एका बाजूला, चौघं दुसऱ्या बाजूला. बहुमत झालं की वाद संपला, हेही मी पत्रकांतच शिकलो होतो. मी मान खाली घातली. ठेवलेल्या पुस्तकांतलीही काही मास्तरांनी त्याच दिवशी बाजूला काढली आणि सगळा गठ्ठा सायकलला बांधून नेला. "कॅम्पात टाकतो जाता जाता," म्हणाले.

शनिवारी मी माणसांना सांगितलं की ते पुस्तक रद्दीत गेलं.

"अरं, पण आचारी पलीकडंच हाय की अजून!" आबा ओरडले.

कुणी हसलं नाही. आबा पुढे दर शनिवारी यायचे, मी काही वाचलं की थोडं ऐकायचे आणि विचारायचे, "त्येचं काय झालं, काय ठाव लागला का?" मास्तर समोर असले तर त्यांनाही विचारायचे. मास्तर म्हणायचे, "आबा, ज्याचा शेवट आपल्या हातात आहे अशा लढाईचा विचार करा." वर्ष संपत आलं तसं मला राहवेना. आबांच्या गावात वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. गेले की गेले. एका रविवारी सकाळी मी सायकल काढली आणि पिंपरी कॅम्पात गेलो. रद्दीतून ते पुस्तक विकत घ्यायचं आणि आबांना घरी जाऊन वाचून दाखवायचं, असं ठरवलं होतं.

रद्दीवाला सिंधी होता. वर्तमानपत्रांच्या ढिगावर बसून चहा पीत होता. मी मास्तरांचं वर्णन केल्याबरोबर त्यानं ओळखलं.

"मास्टरजी? वो तो अखबार देतात. किताब कधी नाही दिली."

"नीट आठवा. मोठा गठ्ठा होता."

"भाई, किताब आली तर मी फाडत नाही, अलग ठेवतो. आमची सगळी उधर, सिंधमध्ये राहिली ना." त्यानं मागची फळी दाखवली. तिच्यावर पाचसहा पुस्तकं होती. आमचं एकही नव्हतं.

मला वाटलं, मास्तरांनी दुसऱ्या कुणाकडे दिली असतील. विचारावं म्हणून तसाच चिंचवडला गेलो. संशय मला तेव्हाही आला नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझा त्यांच्यावर किती विश्वास होता ते यावरून कळेल.

ओसरीवर त्यांची मुलगी वाचत बसली होती. मॅट्रिकला होती. "या दादा, बसा. बाबा आंघोळीला गेलेत." तिनं पुस्तक पालथं ठेवलं. मुखपृष्ठ नव्हतं. मागे काचेचं कपाट होतं आणि त्यात वकिलांची पुस्तकं ओळीनं लावलेली होती, पुसून, काहींना खाकी कागदाची कव्हरं घालून. शिव्या देणारा राजाही तिथेच होता.

"ही कुठून आणलीस?" मी विचारलं.

"बाबांनी आणली. म्हणतात, ही वाचल्याशिवाय माणसाला भाषा येत नाही. मला परीक्षेआधी सगळी संपवायला सांगितलीयेत." ती आनंदानं सांगत होती. तिचा काय दोष?

मास्तर केस पुसत बाहेर आले. मला पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "आत चहा टाक."

"मास्तर, ही रद्दीत गेली होती ना?"

"हळू बोल. तिला कॉलेजात जायचंय. तिथे हे लागतं."

"आणि आम्हाला?"

"थकून आलेल्या माणसाला काय झेपेल, याचा विचार कुणीतरी करायलाच हवा. तुमच्या माणसांना—"

"तुमच्या? कालपर्यंत आपली होती."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "रागावू नकोस. पत्रकांनी तुझं वाईट केलं का? त्यांच्यामुळेच तू आज माझ्यासमोर असा उभा राहू शकतोस."

हे खरं होतं आणि म्हणूनच ते मला सहन झालं नाही. त्यांनी मला जे दिलं ते त्यांच्याजवळचं सगळ्यात चांगलं आहे, असं मी धरून चाललो होतो. भिंतीला चिकटवलेली ती पत्रकं वाचताना मला आपण कुणापेक्षा कमी वाटलो नव्हतो. त्या वेळीही त्यांच्या घरी असंच कपाट असणार.

मी ओसरीवरचं पुस्तक उचललं. "हे मी नेतो."

"ने. पण आबांना त्यांच्या घरी वाचून दाखव. कुठून मिळालं ते बोलू नकोस. माणसांचा विश्वास तुटला तर नुकसान माझं नाही, युनियनचं आहे."

मी कबूल झालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. चहा न घेता निघालो.

पुढच्या शनिवारी आबा आले, मिस्त्री आला, सगळे जमले. मी पुस्तक दाखवलं तसा एकच गलका झाला. तेवढ्यात मास्तर पुढे आले. "तुमची ओढ पाहिली," ते म्हणाले, "म्हणून हे मी रद्दीवाल्याकडून सोडवून आणवलं." टाळ्या पडल्या.

"हे रद्दीत गेलंच नव्हतं," मी ओरडलो. "यांच्या घरात कपाटात होतं. सगळी पुस्तकं यांच्या घरात आहेत."

मास्तर किंचित हसले, जणू माझं पोरवय त्यांना कळत होतं. मग मिस्त्री वैतागून म्हणाला, "अरे भावा, घरात असो की मशिदीत असो. आणलंय ना? वाच की."

"आधी वाच," आबा म्हणाले. "भांडण मागनं करा."

मी वाचलं. नदीचं पाणी सकाळी आणखी चढलं होतं. पळीचा आवाज येत नव्हता. साहेबाला पुढच्या मुक्कामाला पोचायचं होतं. पथक निघालं. पुढे दोन पानं नुसती मोजणीची होती, किती साखळ्या, किती टेकड्या. मग एक ओळ आली: या गावी नवा आचारी मिळाला, तो मांस चांगलं शिजवतो. जुन्या आचाऱ्याचं नाव शेवटपर्यंत कुठेच नव्हतं.

मास्तर उठले आणि बोलू लागले. ते फार सुरेख बोलले. आचारी म्हणजे आपणच, पूल म्हणजे काय, साहेब म्हणजे कोण. एक पत्रकच झालं ते. माणसं माना डोलवत होती. ज्या पुस्तकाला त्यांनी गुलामाचं म्हटलं होतं, त्यातूनच ते आमचं हत्यार घडवत होते, आणि मी सांगितलेली गोष्ट कुणाच्या ध्यानातही उरली नव्हती.

आबा मध्येच उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. फाटक बंद होतं, मालगाडी जायची होती.

"म्हंजी सोडून गेली त्येला," ते म्हणाले.

"हो."

"आन् ह्या मास्तराला ठाव व्हतं. घरात पुस्तक व्हतं म्हंजी वाचलं आसंल. मी दर शनवारी इचारत व्हतो त्येला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू मगाशी बोल्लास, ते मला ऐकू आलं व्हतं. पण मला आदी आचारी पायजे व्हता."

मालगाडी गेली. फाटक उघडलं. आबा पलीकडे गेले.

आतून टाळ्यांचा आवाज आला. मी परत आत गेलो, बाकावरचं पुस्तक उचललं आणि ते कपाटात ठेवायला वळलो. मास्तरांनी ते घ्यायला हात पुढे केला. सगळ्यांदेखत. त्यांच्या मुलीचं अजून वाचून व्हायचं होतं.

मी ते दिलं नाही. सोमवारच्या सभेचं पत्रक लिहायचं माझ्याकडे होतं. तेही लिहिलं नाही.