तेल उतरेपर्यंत

माझे बाबा ट्रेलर चालवायचे. बंदरातून कंटेनर उचलायचा, गव्हाणजवळच्या यार्डात आणायचा, तिथून सांगतील तिथे पोचवायचा. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे बँकेचं काम, मोबाइलवरचं लिहिणं, सगळं माझ्याकडे असतं. इंजिनमधलं मला काही कळत नाही. पण तेल कसं बघायचं ते लहानपणापासून पाहिलंय, कारण पूर्वी बाबा गाडी आमच्या सुकापूरच्या घरामागच्या मोकळ्या जागेत लावायचे.

गाडी सपाट जागेवर लावायची. इंजिन बंद करायचं आणि थांबायचं. बाबा तोवर चहा प्यायचे. इंजिन चालू असताना तेल सगळीकडे फिरत असतं, ते हळूहळू खालच्या टाकीत उतरतं. मग इंजिनमधली तेल मोजायची पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, परत आत घालायची आणि पुन्हा काढून बघायची. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मधे पाहिजे. कमी नको आणि जास्तही नको, हे ते नेहमी सांगायचे. जास्त झालं की आतला दांडा तेल घुसळतो, त्याचा फेस होतो, आणि फेसानं इंजिन राखलं जात नाही.

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

गेल्या वर्षी यार्डात नवीन सुपरवायझर आले. त्याआधी एका ड्रायव्हरनं तेल न बघता गाडी पळवली होती आणि तिचं इंजिन जाम झालं होतं. म्हणून त्यांनी नियम काढला: गाडी यार्डात लागली की लगेच पट्टीचा फोटो ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. नियमामागचं कारण खोटं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण ‘लगेच’ या शब्दावर ते अडून बसले. फोटोला उशीर झाला की ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारायचे, "झोपलात का?"

गरम इंजिनचं तेल वरच असायचं. पट्टीवर कमी दिसायचं. ऑफिसात बसून सुपरवायझर उत्तर द्यायचे, "टॉप अप करा."

आणि बाबा ओतायचे.

एक दिवस त्यांच्या यार्डातले मित्र घरी आले होते. उरणकडचे कोकणी मुसलमान, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते बाबांना हसत होते.

"अरे भाऊ, खुदा के वास्ते, कालचाच, तेल उतरल्यावरचा फोटो टाक ना! त्या पट्टीवर काय तारीख लिहिलेली असते?"

"खोटा फोटो मी नाय टाकनार," बाबा म्हणाले.

"मग काय करतोस?"

"ओततो. सायेब बोलतात तर ओततो."

"वा! फोटो खरा आणि इंजिन ठार. मोठा हरिश्चंद्र तू." चाचा माझ्याकडे वळले. "बेटी, तुझ्या बापाला सांग, साहेब बोलले की तेलाला अक्कल येत नाही."

मी तेव्हा हसले. बाबाही हसले. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "बाबा, त्यांना सांगा ना, दहा मिनिटं थांबू द्या म्हणून."

"ते शिकलेले हाईत गो. आपून काय सांगनार?"

हे वाक्य मला कुठेतरी लागलं. मी शिकत होते ती त्यांच्या त्या ‘शिकलेल्यां’मधली होण्यासाठी. उद्या माझ्यासमोरही ते असंच गप्प बसणार का, असा विचार आला.

काही आठवड्यांनी, भरलेला ट्रेलर घेऊन गोवा हायवेनं जाताना कर्नाळ्याच्या चढावर मागे निळा धूर सुटला. तेलाच्या दाबाचा दिवा लागला. बाबांनी गाडी कडेला घेतली. ती ओढून कळंबोलीच्या गॅरेजात नेली, इंजिन उघडलं, तेव्हा तेल वरच्या खुणेच्या किती वर होतं ते मिस्त्रीनं सगळ्यांना दाखवलं. बेअरिंग गेली होती, टर्बो गेला होता. चाचांची आणि कालचेच फोटो टाकणाऱ्या बाकी सगळ्यांची इंजिनं ठणठणीत होती.

यार्डाच्या मालकांनी सुपरवायझरना विचारलं. बाबांसमोरच. त्यावर ते म्हणाले, "मी टॉप अप म्हणालो. जास्त भरा असं कुठे म्हणालो? ड्रायव्हरला अक्कल नको?"

मालकांनी निकाल दिला. बाबांनी ग्रुपवर माफी मागायची: तेल मी माझ्या मनानं ओतलं, चूक माझी. मग दुसरी गाडी मिळेल. नाही मागितली, तर यार्डात पाऊल ठेवायचं नाही. आणि ‘इंजिन उडवणारा ड्रायव्हर’ असं एकदा नाव झालं, की बंदराच्या रस्त्यावर दुसरं कोणी गाडी देत नाही.

दुपारी बाबा घरी आले आणि फोन माझ्या हातात दिला. "लिव. मना टायपिंग येत नाय."

आई भात वाढत होती. "लिव की," ती म्हणाली. "दोन ओळी तर हाईत."

"खोटं लिहू? तुमच्या मनानं ओतलंत का तुम्ही?"

"लिव गो पोरी."

"कालचा फोटो टाकणं खोटं होतं ना? ते तुम्हाला चाललं नाही. मग हे कसं चालतं?"

मी ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. तुम्हाला माहीत होतं, तरी ओतत राहिलात, रोज ओतत राहिलात, असं म्हणाले. साहेबांना राग येईल म्हणून इंजिन मारलंत, असंही म्हणाले. आईनं पळी आपटली. "बापाशी असं बोलतात? ह्याच्यासाठी शिकवली का तुला?" मला वाटलं, हो, ह्याच्यासाठीच.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. मग माईकचं बटण दाबलं आणि ग्रुपवर बोलले.

"मी बोलतोय. गाडी बंद केली की तेल उतरायला टाइम लागतो. मना म्हाईत होतं. सायेब बोलले ओत, मी ओतलं. नको ओतायला पायजे होतं. ती चूक माजी हाय. माफी करा."

पाठवून त्यांनी फोन पालथा ठेवला आणि जेवायला बसले. संध्याकाळी त्यांना ग्रुपमधून काढलं होतं.

चाचांकडून नंतर कळलं, की यार्डात आता नवा नियम आहे. गाडी लागल्यावर थोडं थांबून मग फोटो टाकायचा. सुपरवायझरनीच काढला. बाबांना कोणी फोन केला नाही. एक शब्द नाही. ते ऐकून मला इतका राग आला की चाचांना पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्यांचा काहीच दोष नव्हता.

बाबा आता सोसायट्यांना पाणी पोचवणारा टँकर चालवतात. पगार कमी आहे. टँकर जुना आहे, तेल पितो. पाणी भरायची जागा माझ्या कॉलेजच्या वाटेवर आहे. परवा मी तिथून जाताना टँकर भरून उभा होता, बाबा हातात फडका घेऊन बॉनेटशी होते आणि टँकरचे मालक खुर्चीतून ओरडत होते, "अरे निघ ना! लोकांचे फोन येतायत मला!"

"थांबा शेट," बाबा म्हणाले. "तेल उतरू दे."

शेट कुरकुरले आणि थांबले. बस, एवढंच झालं. काहीच कोसळलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले आणि मला रडू येईल इतका राग आला. त्या शेटचा नाही, सुपरवायझरचाही नाही. एवढंच तर बोलायचं होतं, बाबा. यार्डात, पहिल्याच दिवशी.

त्यांनी मला पाहिलं आणि फडका हलवला. मी हात केला नाही. पट्टी बाहेर निघेपर्यंत मात्र तिथेच उभी राहिले.