शालूकाकूंनी सोडलेल्या गोळ्या

उत्साहाच्या भरात सांगितलेली अर्धी गोष्ट ऐकणाऱ्याच्या अंगात किती खोल शिरते? मला खरंच माहीत नाही.

आज दुपारी परळच्या आमच्या चाळीत शेजारच्या शालूकाकूंनी हाक मारली. त्यांच्या हातात पेजेची वाटी ठरत नव्हती. बोटं सुजून अंगठी रुतली होती. त्यांना संधिवात आहे, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो.

"काकू, गोळ्या घेताय ना?"

"तीन महिने झाले, सोडलंय. तूच सांगितलंस ना गो, चांगले जंतू सांधे बरे करतत म्हणून? रोज वाटीभर दही खातंय."

हो, मीच. मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी, घरातली पहिली पदवीधर. काही प्रोबायोटिक जिवाणूंमुळे उंदरांच्या सांध्यांची सूज उतरली, असं वाचलं आणि गॅलरीत चार बायकांना सांगून टाकलं. उंदीर मात्र गाळले. माणसांबद्दल अजून खात्री नाही, हेही गाळलं.

"रडतंस कित्याक? डॉक्टरपेक्षा तू आमची," माझे डोळे भरलेले पाहून काकू म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हे वाक्य कान झाकले तरी ऐकू येतंय.

संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. झालेलं नुकसान भरून येईल का, ते पाहायला डॉक्टरांनी सांध्यांचे एक्स-रे लिहून दिले.

तुमच्या शब्दावर असं निर्धास्त कोण आहे?

चाळीच्या फळ्यावर कोपऱ्यात माझ्या पदवीचं अभिनंदन अजून होतं. परत आल्यावर ते पुसलं आणि लिहिलं: 'संधिवाताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. जंतूंचं मी अर्धवट सांगितलं होतं.' खाली माझं पूर्ण नाव.